सुकटीतले खडे घेऊन समुद्रावर

आमी दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते सुकट निवडायचं. बाजाराच्या आदल्या दिवशी, दिवस कलता, उंबऱ्यापाशी. सूप माझ्या बायकोच्या, सुभद्राच्या मांडीवर, समोर मी. सुकट म्हणजे समुद्रातली नखाएवढी कोळंबी वाळवलेली. आमच्या बीड जिल्ह्यात माळकरी सोडले तर ती न खाल्लेला माणूस मला सापडायचा आहे. तिच्यात वाळू असते, शिंपल्याचे तुकडे असतात, बारीक खडे असतात आणि कधीमधी बोटाच्या पेराएवढा वाळलेला खेकडा. सुभद्रानं चाळीस वर्षं तलवाड्याच्या बाजारात सुकट विकली आणि निवडल्याशिवाय एक मूठ दिली नाही.

त्या दिवशी मला म्हणली, "तुमी राहू द्या. तुमी खडा ठेवता अन् सुकट फेकता."

म्हणलं, "खडा जड असतो. मापाला बरा."

"कावून बोलता असलं? ऐकंल कुणी."

तेवढ्यात तिला खेकडा सापडला. तिनं तो चिमटीत धरला, समुद्राकडं तोंड केलं आणि नेहमीचं म्हणली. समुद्राकडं म्हणजे तिला वाटायचं तिकडं. खरं तर ती उगवतीकडं बघायची आणि समुद्र पार पाठीमागं. "डोळे गेले का गं बाई तुझे? हात झडले का? तुझी सून तुला जलमभर अशीच कचकच खाऊ घालो." समुद्रावर सुकट वाळवणारी जी कोण बाई असेल तिला हे. नंतर खेकडा चहापत्तीच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकला. सुकटीतलं निघालेलं सगळं त्या डब्यात जायचं. डबा भरला की एक दिवस त्या बाईच्या दारात नेऊन ओतणार, असं ती पोरगं लहान होतं तेव्हापासून म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. लायनीत घागर लावून ती बसली, ती बसलीच. तिची घागर शेजारणीनं भरून आणली. भरलेली घागर आधी घरी आली, ती मागून, चौघांच्या हातांवर.

तलवाड्याच्या आठवडी बाजारात लिंबाखाली तिची जागा. शेजारी मिरचीवाली शांताबाई. बाजारात जागा कागदावर नसते, बसणाऱ्याच्या नावावर असते. चार-पाच बाजार रिकामी दिसली की दुसरा पोतं अंथरतो. शांताबाईनं आपलं जादा पोतं तिथं टाकून जागा धरली आणि मला निरोप धाडला. मी गेलो.

"भाऊजी, पाच बाजार धरते. सहाव्याला माझ्यानं व्हायचं न्हाई. चपलावाला दर वेळी येऊन पायानं जागा मोजून जातोय. बसता का तुमी?"

"मी? मी सुकट इकू? ते बाईमाणसाचं काम हाय."

"मग द्या चपलावाल्याला."

"द्या."

"नीट इचार करून सांगा," असं म्हणून तिनं दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिरची मापायला घेतली. मला मापायची तिला गरज वाटली नसावी.

खरं सांगतो, कापसाची सहकारी जिनिंग बंद पडल्यावर तिथली माझी वॉचमनकी गेली. तेव्हापासून मी दर बाजारी तिचं पोतं डोक्यावर नेऊन द्यायचो आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचो. दिवसभर. तिच्या पोत्यावर मी कधी टेकलो नाही. वास येतो म्हणायचो. त्या वासावर पोराचं शिक्षण झालं, तो पुण्याला नोकरीला लागला, हे मला कळत नव्हतं असं नाही.

आता सहलीचं. आमच्या तळ्यावर मच्छीमार सहकारी संस्था आहे. मी तिचा सभासद. दोन वर्षं पाऊस नाही, तळ्याला भेगा पडल्यात, तळ्यात मासा नाही, मासा सोडा, बेडूक नाही. पण संस्था आहे आणि संस्थेची अभ्यास सहल मंजूर झाली. कोकणातल्या एका मच्छीमार संस्थेनं बोलावलं, त्यांच्या गावाला दर वर्षी मासळीचा महोत्सव असतो. आमचे चेअरमन भानुदास माझ्याकडं आले.

"तात्या, चला. घरात बसून काय करता?"

"तळ्यात पाणी न्हाई अन् आपण मासेमारी शिकायला चाललोत व्हय बे?"

"पाणी आल्यावर शिकायला येळ कुठं ऱ्हातो?"

चेअरमन होण्याला अक्कल लागते ती हीच.

मी पिशवी भरली. चार बाजरीच्या भाकरी, माझ्या हातच्या, त्यामुळं चारी चार आकाराच्या. शेंगदाण्याचा कूट, लसूण, तिखट. त्या शेवटच्या दिवशी निवडलेली सुकट पिठाच्या डब्यात तशीच होती, पिशवीभर. ती वाटंला खायला घेतली. तिच्या शेजारी खड्यांचा डबा घेतला. भानुदासनं विचारलं, काय वाजतंय? म्हणलं, दुसऱ्याचं सामान हाय, पोचवायचंय.

जीपमधी आमी सात जण. रस्त्याचं लिहीत नाही, सगळ्यांनी रस्ते बघितलेत. एवढंच सांगतो की घाट उतरताना दोघांनी आपल्या पोटातलं कोकणाला दिलं आणि भाकरीबरोबर सुकट खाऊ म्हणून मी तीनदा पिशवी सोडली, तीनदा बांधली. भाकरी कोरडीच खाल्ली.

समुद्राचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या एका बाईनं सांगितलंय, नाव छापू नका, आधीच मुंबईवाले लई येतात.

समुद्र बघून आमी सातही जण मनात हिशेब करायला लागलो. बीडच्या माणसाला पाणी दिसलं की तो आधी मनात त्याची वाटणी करतो. इतकं ह्या वस्तीला, इतकं त्या शिवाराला. इथं वाटणी करायलाच सुधरंना. भानुदास पांढरी विजार गुडघ्यापर्यंत वर करून आत गेला, ओंजळ भरली, तोंडात घेतली आणि थुंकला.

"खारट हाय बे."

"मग? तुझ्या वळखीनं गोड होणार व्हता?"

"ऐकलं व्हतं. पण एवढं सगळंच खारट आसंल वाटलं नव्हतं."

आणि गंमत पुढं. गावात शिरलो तर नळाला घागरींची लाईन. रंगीत प्लॅस्टिकच्या, एकाला एक चिकटून. मागं एवढा समुद्र गरजतोय आणि बाया एका घागरीवरनं भांडतायत. भांडायची रीतबी आमच्यासारखीच, आधी घागरीवरनं, मग घागरीवाल्याच्या खानदानावरनं. मी तिथं थोडा थांबलो. एक म्हातारी घागरीपाशी टेकून बसली होती. ती उठेपर्यंत मी पुढं गेलो नाही. उठली. घागर कमरेवर घेऊन चालती झाली.

महोत्सव म्हणजे मोठा मांडव. बायांनी चुली मांडलेल्या, काचेच्या पेटीत बर्फावर मासे, एक एक मासा लहान लेकराएवढा. बायांच्या नाकात नथ, डोक्यात फुलं, अंगावर सोनं इतकं की आमच्याकडं एवढं सोनं घालून बाई सोसायटीच्या निवडणुकीतच दिसते. पाव्हणे मासा हातात घेऊन फोटो काढत होते. मासा मेला होता म्हणून गप होता.

आमाला पाव्हणे म्हणून पुढं बसवलं. ताटात पहिल्यांदा शिंपल्याच आल्या. कालवणात शिंपल्या, अख्ख्या. मला वाटलं, घ्या, इथं निवडायचीच रीत नाही दिसत. एक तोंडात घालून चावली. दाढ होती ती हलली. वाढणारी पोरगी तोंडाला पदर लावून म्हणली, "बाबा, आतलं खायाचं, भायेरचं नाय."

"मग भायेरचं वाढता कशाला?"

चेअरमनच्या ताटात खेकडा आला, चांगला तळहाताएवढा. ते त्याच्याकडं बघतायत, तो त्यांच्याकडं बघतोय. शेवटी त्यांनी चमच्यानं नांगी फोडायला घेतली. नांगी फुटली आणि रस्सा पार टोपीपर्यंत गेला. नंतर सत्कार झाला तेव्हाचा फोटो संस्थेत लावलाय. नीट बघितलं तर खिशावर पिवळा डाग दिसतो.

खोटं कशाला बोलू, पापलेट मऊ होतं, तोंडात घातलं की संपलं. ओला बोंबील तर चावायच्या आधीच गेला. आमाला बोंबील म्हणजे वाळका, काठीसारखा, हे माहीत. तोच मासा पाण्यातून काढल्यावर असा लोण्यासारखा असतो हे बघून मला जरा वाईट वाटलं. आमच्यापर्यंत यायला त्याला किती वाळावं लागतं. पण तांदळाची भाकर मला चालंना. पांढरी, मऊ, दातांना काही कामच नाही. आजारी माणसाला दिल्यासारखं वाटलं.

मी पोरीला विचारलं, "सुकट कुठाय?"

तिनं दुसऱ्या पोरीला सांगितलं. दोघी हसल्या. "बाबा, सनाला सुकट कोण खातं? ती पावसात, होड्या बंद आसताना. तुमाला व्हवी आसंल तर मागं जावा, खल्यावर. हिराबाय आसंल."

खळं

मांडवाच्या मागं वाळूवर बायांनी जागा केलेली, झाडून, सारवून. आमच्या ज्वारीच्या खळ्यासारखीच, म्हणून नावबी तेच, खळं. एका बाजूला संस्थेनं बांधलेले सिमेंटचे ओटे. सगळीकडं सुकट पसरलेली, त्यांच्यात तिला जवळा म्हणतात. वास आला आणि माझे पाय थांबले. आमच्या घरचा वास. एवढ्या लांब तो माझ्याआधी येऊन बसला होता.

मधी एक बाई, माझ्याच वयाची, सगळं सोनं अंगावर, नऊवारी कासोटा मारलेला आणि हातात खराटा. महोत्सव सोडून जवळा उलटापालटा करत होती.

"हिराबाई तुमीच का?"

"मीच. काय व्हवं? मासा तिकरं हाय, इकरं वास हाय."

"मी बीडाहून आलोय. तुमची तक्रार हाय."

"बीड कुटं आलं?"

"तुमची सुकट जिथं जाती तिथं."

मी डबा उघडला आणि तिच्या पुढ्यात ओतला. चाळीस वर्षांचा ढीग. शिंपल्या, खडे, खेकडे, एक शर्टाचं बटण, गळाचा तुकडा. म्हणलं, "हे सगळं तुमच्या सुकटीत निघालं. माझ्या बायकोनं जमा केलं. तुमच्या दारात ओतायचं व्हतं तिला."

हिराबाई खाली बसली. भांडंल वाटलं, पण तिनं एक एक उचलून बघायला सुरुवात केली, जशी बाई दुसरीचे दागिने बघते.

"ह्यो शिंपला आमचे बंदराचा नाय. गुजरातकरचा हाय. ह्योबी नाय. ह्यो... ह्योबी नाय." मग माझ्याकडं बघून म्हणली, "तुमचे बायकोनं निम्म्या शिव्या भलतीलाच दिल्या."

"अन् निम्म्या?"

तिनं एक खेकडा उचलला. "ह्यो आमचा. ह्याची शिवी मना लागली."

"मग येवढी वाळू ठेवता कशाला सुकटीत? चाळीस वर्षं डोळे फोडून निवडली तिनं."

"निवडली?" तिनं खराटा खाली ठेवला. "निवडायची कशाला? जवळा पान्यात टाकायचा, हातानं हलवायचा. जवळा वर येतो, वाळू खाली बसते. परत एकदा. दोन पान्यांत साफ. आमी सगळ्या तसंच करतांव. म्हनून वाळूचं कोन बघत नाय. तुमी धुवत नाय?"

म्हणलं, "आमच्याकडं पाणी टँकरनं येतं, लायनीत." तिला ते कळायला जरा वेळ लागला. आमच्याकडं प्यायची घागर मोजून येते, तिथं सुकटीला दोन पाणी कोण देणार? सुभद्राची आई निवडायची, आईची आई निवडायची. धुऊन बघू असं आमच्यात कुणाच्या मनातच आलं नाही. आणि ह्यांच्यात कुणी धुणारच नाही, हे ह्यांच्या मनात आलं नाही. एवढ्यावर चाळीस वर्षं एक बाई दुसरीला शिव्या देत होती.

"आमच्याकरंबी लाईन आसते," हिराबाई म्हणली. "पन दोन तपेली निगतात." मग खराटा परत उचलून म्हणली, "पाठवा तिला. भांडू दे येऊन. माजीबी जीब लांब हाय."

"ती न्हाई आता."

"कवा?"

"महिना झाला."

तिनं डोक्यावरची फुलं काढली नाहीत का डोळ्याला पदर लावला नाही. जवळ्याची एक रेघ खराट्यानं उलटी केली आणि ओट्यावर बसली. "मंग तुमी भांडा तिचे वाटनीचं. मी बसली हाय."

मी सुरुवात केली. डोळे गेले का गं बाई तुझे, एवढं म्हणलं आणि पुढचं आठवंना. हात आधी का सून आधी? चाळीस वर्षं ऐकलेलं. हिराबाई वाट बघत बसली होती, शाळेत मास्तर पाढ्याची वाट बघतो तशी.

"नाय जमत तुमाला," ती म्हणली.

"न्हाई जमत."

मग मी पिशवीतली सुकट काढली. का काढली ते तेव्हा समजलं नाही. म्हणलं, "ही तिनं निवडलेली. शेवटची."

तिनं मूठभर तळहातावर घेतली, उन्हाकडं तिरकी केली, बोट फिरवलं. चार दाणे कच्चेच तोंडात टाकले आणि हळूहळू चावले. मांडवातल्या गाण्याचा आवाज येत होता, तरी मला तिच्या दाताचा आवाज ऐकू येत होता.

"कचकच नाय," ती म्हणली. "एवरी साफ पान्यानंबी नाय व्हत." मग उठली. "कशी करतांव तुमच्यात? दावा."

खळ्याच्या कडेला तिची चूल होती. मला स्वयंपाक येत नाही, पण हे समोर बसून बघितलेलं होतं. सुकट कोरडी भाजायची, तेलात लसूण लाल होऊ द्यायचा, तिखट घालायचं, सुकट, शेवटी कूट. पाण्याचा थेंब नाही. पिशवीतली सगळी टाकायच्या आधी माझा हात थांबला. मूठभर मागं ठेवावी वाटलं. हिराबाईनं बघितलं.

"ठेवून काय करशाल? किडं पडतील."

टाकली सगळी.

तिनं मांडवातल्या चार-पाच बायांना हाक मारली. पापलेट सोडून त्या आल्या. तांदळाच्या भाकरीवर सुकट घेतली. एकीच्या डोळ्यांत तिखटानं पाणी आलं, तरी तिनं परत घेतली. "नारळ नाय, कोकम नाय, तरी ब्येस लागते," ती म्हणली, आणि "नारळ घाला, आजून ब्येस लागंल," असं वर शिकवलं. मीबी खाल्ली. मागं काही उरलं नाही. हिराबाईनं तवा भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतला.

भानुदास मला शोधत आला तेव्हा मी सहा बायांच्या मधी चुलीपाशी बसलो होतो. म्हणला, "तात्या, तिकडं आधुनिक मासेमारीवर भाषण चाललंय."

"मी इथं शिकतोय."

निघताना हिराबाईनं एक पोतं बांधलं. दाम दिला, तिनं घासाघीस करू दिली नाही. मी म्हणलं, "मी इकत न्हाई. ती इकायची."

"चालीस वर्सं तुमी काय करत व्हताव?"

"चहा पीत व्हतो."

"कुटं?"

"समोर."

"मंजे सगलं बगत व्हताव." तिनं पोत्याला गाठ मारली. "शिंपलं माज्याकरं ठेवते. माजं हायत, परत आयलं. डबा घेऊन जावा." मग रिकामा डबा माझ्या हातात देऊन म्हणली, "आनि ऐका. ह्या पोत्यात एक खेकरा टाकलाय. मुद्दाम. सापरला तर शिवी पाठवा."

परत

पोतं जीपच्या टपावर बांधलं. तरी वास आत आला. सहा जणांनी वाटंत नाकाला रुमाल लावला आणि मला दर गावाला बोलले. मी त्यांना तेच म्हणलं जे सुभद्रा मला म्हणायची, की खाताना वास येत न्हाई का? गप बसले. ही गोष्ट एवढी कामाची आहे हे मला आधी माहीत असतं तर मीबी आधीच गप बसलो असतो.

भानुदासनं सहलीचा अहवाल लिहिलाय, तो संस्थेत आहे. त्यात खळ्याचं काही नाही, म्हणून हे मी लिहिलं, तळ्यावरच्या ज्या माणसांना जीपमधी जागा झाली नाही त्यांच्यासाठी. चौथी शिकलेल्या माणसाचं आहे, चुकलं असेल तिथं आपलं आपण दुरुस्त करून घ्यावं.

आमी घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सहावा बाजार होता.

सकाळी टँकर यायच्या आधी उठलो. उंबऱ्यापाशी बसलो, तिचं सूप मांडीवर घेतलं. आधी मी खडे ठेवले आणि सुकट फेकली, हे कबूल करतो. मग हात बसला. ऊन दारात आलं तेव्हा निम्मं पोतं झालं होतं आणि खेकडा सापडला. चांगला मोठा, हिराबाईनं बघूनच टाकलेला. मी तो चिमटीत धरला, उगवतीकडं तोंड केलं, आणि आता आठवलं. डोळे, मग हात, मग सून. सगळं बरोबर म्हणलं. शेजारीण घागर घेऊन चालली होती, ती थबकली आणि घागर सावरून पुढं गेली.

खेकडा डब्यात टाकला. एकटाच होता, लई वाजला.

पोतं डोक्यावर घेऊन तलवाड्याला गेलो. चपलावाला लिंबाखाली उभाच होता. शांताबाईनं माझ्याकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं आणि आपलं पोतं उचलून मिरचीखाली घातलं. मी माझं अंथरलं आणि बसलो.

समोर टपरीवाल्यानं माझा नेहमीचा ग्लास धुतला आणि हातानं विचारलं, येताय ना?

म्हणलं, "इकडं आण."